उम्म सुहैलचं पाणी

अरबस्तानातल्या खोर फक्कानला लाँचवाल्याने आम्हाला पहाटे छातीभर पाण्यात उतरवलं आणि मागे वळूनही न बघता तो निघून गेला. १९६५ सालचा जानेवारी होता. डोक्यावर एकेक बोचकं, अंगावर ओले कपडे आणि कागदपत्रांच्या नावाने आनंदीआनंद. दुबई किती लांब, असं विचारलं तर आमचा वाटाड्या उबेद म्हणाला, "छह दिन. पैर अच्छा, तो पाँच." उबेद तरुणपणी गलबतावरून मुंबईच्या खेपा करायचा, त्यामुळे त्याचं हिंदी माझ्यापेक्षा बरं होतं.

माझ्यासोबत रफिकभावजी होते. माझी थोरली बहीण नूरजहाँआपा, तिचे शोहर. तापट माणूस, पण मनाचा सरळ. आमच्या दाभोळकडचे एक तांडेल दुबईच्या खाडीत जहाजांचा माल उतरवणाऱ्या पडाव-होड्यांवर मुकादम होते. त्यांनी आम्हा दोघांसाठी दोन जागा धरून ठेवल्या होत्या, पण शुक्रवारच्या जुम्म्यापर्यंतच. त्यानंतर त्या दुसऱ्या कुणाला जाणार. शनिवारी आम्ही उतरलो होतो. हिशेब अगदी काठावरचा होता.

मला पडावावर काय काम करावं लागेल याची चिंता नव्हती. खोताच्या सुपारीच्या बागेला पाणी लावण्यात माझी पंचवीस वर्षं गेली होती. त्यातून सुटायला मी चालत चंद्रावरही गेलो असतो.

दिवस सगळे सारखेच. फजरची नमाज झाली की उबेदचं गाढव पुढे आणि आम्ही मागे. ऊन चढलं की बाभळीसारख्या एखाद्या काटेरी झाडाखाली पडायचं, दुपार कलून असरची नमाज झाली की परत चालायचं. पहिल्याच दुपारी आम्ही घरचे सुके बोंबील भाजले आणि संध्याकाळपर्यंत निम्मं पाणी पिऊन बसलो. उबेदने उरलेले बोंबील गाढवाला हुंगवले. गाढवाने तोंड फिरवलं, तसे ते त्याने वाळूत पुरले. भावजी दोन मैल गाढवाला शिव्या घालत चालले.

मला मात्र मजा वाटत होती, हे कबूल करतो. उबेद वाळूतले ठसे बघून सांगायचा, "ये ऊँटनी है, पेट में बच्चा." मी विचारायचो, कशावरून? मागचे पाय फाकलेत म्हणून. आणि ही माणसं कुठली? ही डोंगरातली, टाच आधी टेकवतात. मग मी वळून आमचे ठसे बघायचो. भावजींचा उजवा पाय बाहेर पडत होता आणि माझे ठसे प्रत्येक झुडपाशी थांबत होते.

मंगळवारी दुपारी एक खजुराचं गाव लागलं. उबेद रोट्या आणायला गेला. जाताना बजावून गेला, "बाहर मत निकलना. किसी ने देखा, फौजी को बोला, तो वापस लाँच में." भावजी झोपले. मी थोडा वेळ पडून राहिलो. मग पाणी वाहिल्याचा आवाज आला. तीन दिवस वाळू बघितलेल्या माणसाने काय करावं?

डोंगराच्या पोटातून भुयाराने आणलेलं पाणी इथे उघड्या पाटातून खेळत होतं. फलज म्हणतात त्याला. एका बागेत खजुरांची आळी काठोकाठ भरून तुंबली होती, तरी पाणी आत चाललंच होतं. शेजारच्या बागेतला चारा माना टाकून उभा. राखणीला कुणी नाही. आमच्याकडे वाटेने जाणाऱ्याला आळं भरलेलं दिसलं, तर तो पाणी पुढे वळवतो आणि मगच पुढे जातो. नाही वळवलं, तर बागवाला शिव्या घालतो. पाणी फुकट जाताना आम्हाला बघवतच नाही. मी काही विचारच केला नाही. भरलेल्या बागेच्या तोंडाशी दगड आणि चिंध्यांचा बोळा लावला, चाऱ्याकडचं तोंड उघडलं आणि पाणी सुकल्या मातीत कसं शिरतंय ते बघत खुशाल बसलो.

मनगटावर पकड बसली तेव्हा भानावर आलो. एक म्हातारी होती. कपाळ आणि नाक झाकणारा काळा बुरखा, त्यातून दिसणारे डोळे, हातात विळा. तिचा आरडाओरडा ऐकून उबेद धावत आला, भावजीही आले. उबेदने तिचं बोलणं सांगितलं. तिचं नाव उम्म सुहैल. बारा दिवसांतून एकदा, दुपारपासून असरपर्यंत, फलजचं पाणी तिचं. आळी ती मुद्दाम तुंबवत होती. पाणी उभं राहिलं तरच जमिनीतलं मीठ खाली जातं आणि झाड जगतं. शेजारची बाग तिच्या दिराची. नवरा गेल्यापासून त्याचा तिच्या पाण्यावर डोळा. मला त्यानेच पाठवलं, असं तिला वाटत होतं.

"बोल, किसने भेजा?" उबेदने तिच्या वतीने विचारलं.

मी आमच्याकडची रीत सांगितली. ती ऐकत राहिली. मग तिने विचारलं, तुमच्याकडे पाणी मोजत नाहीत? मी म्हटलं, चार महिने ते आभाळातून पडतं, कोण मोजणार? चार महिने, रोज? कधीकधी रात्रंदिवस. तिने उबेदकडे बघितलं, हा खोटं बोलतोय का म्हणून. मग मनगट सोडलं आणि पाटाच्या कडेला बसून मला आणखी विचारत सुटली. घरं वाहून जात नाहीत का? उंट काय करतात? उंट नाहीतच म्हटल्यावर तिला माझी दया आली.

पण झालेलं नुकसान झालंच होतं. पाणी वाटून देणारा, ज्याला अरीफ म्हणतात, तो गुरुवारी गावात येणार होता. त्याच्यासमोर मी कबूल केलं, तर तिचं पाणी तिला परत मिळणार. नाहीतर दीर म्हणणार, बोळा आपोआप निघाला. मग पुढचे बारा दिवस झाडांना मीठ.

ती नमाजला गेली तसा उबेद कुजबुजला, "यल्ला! अभी निकलो."

भावजींनी बोचकं उचललंच होतं. मी जागचा हललो नाही.

"तय्यब, डोकं फिरलंय तुझं? शुक्रवार गेला तर खलास!"

"भावजी, चूक माझी आहे. झाडं तिची मरणार."

"मग बस इथे! इतक्या लांब काय पाणी लावायला आलास?" ते ओरडले. खरंच होतं ते, म्हणूनच फार लागलं. ते उबेदबरोबर गेले. टेकाडापर्यंत मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी वळून बघितलं नाही.

गुरुवारी अरीफ आला. उबेद नव्हता, म्हणून त्याने मला हातवाऱ्यांनीच विचारलं, पाणी वळवलंस तेव्हा सावली कुठे होती आणि हिने धरलं तेव्हा कुठे? मला हे ठाऊक होतं, कारण तेव्हा बसल्या बसल्या दुसरं करायला काहीच नव्हतं. खजुराची सावली एका ढेकळावरून सरकत पाटाच्या कडेला आली होती. मी दोन्ही जागा दाखवल्या. तिथे पाण्याचा वेळ सावलीच्या पावलांनी मोजतात. अरीफने एका जागेपासून दुसरीपर्यंत पावलं टाकली. तीन भरली. दीर पुष्कळ भांडला, पण त्या दिवशी पाणी त्याचंच होतं, त्यातली तीन पावलं तिथल्या तिथे उम्म सुहैलच्या बागेत सोडली.  ती आळं भरेपर्यंत उभी राहिली आणि मग माझ्यापुढे खजूर ठेवले. जुम्म्याची नमाज मी त्याच गावात पढलो. सजद्यात दुसरं काही सुचेना, पडावच डोळ्यांपुढे येत होता.

तिने मला कोळसा नेणाऱ्या उंटांच्या तांड्याबरोबर धाडलं. सोमवारी मी दुबईत, खाडीच्या काठी पोचलो. पडावांवर कुठेच भावजी दिसले नाहीत. दिसले ते धक्क्यावर, हमालांच्या रांगेत, पाठीवर तांदळाचं पोतं. मला बघून त्यांनी पोतं खाली टाकलं.

"मिळालं का बाईला पाणी?"

"मिळालं. तीन पावलं."

"तीन पावलं म्हणजे किती?"

सावली तीन पावलं सरकेपर्यंतचं पाणी, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"आणि जागा, भावजी?"

"गेल्या."

"गेल्या म्हणजे? तुम्ही तर वेळेत पोचलात ना?"

"जुम्म्याच्या आधी पोचलो. नमाज झाली तसे तांडेल म्हणाले, तू चढ, दुसऱ्या जागेवर हा राजापूरचा येतोय. मी म्हटलं, ती जागा तय्यबची आहे, थांबा. ते थांबेनात. मग मीपण उतरलो."

मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. भावजींनी पोत्याचं एक टोक धरलं आणि म्हणाले, "उचल दुसरं. इथला मुकादम बघतोय."