पी-ए-आरची भावकी

इंग्रजी शब्द एकेकटे पाठ होत नाहीत, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आरोहीला मी ते भावकीनं शिकवते. सुरुवातीची अक्षरं एक म्हणजे आडनाव एक, स्वभाव मात्र ज्याचा त्याचा. नेरे गावातल्या पाचवीच्या पोरीला हे चटकन कळतं. "आणि अर्थ डिक्शनरीतला नको, घरातला लिही," हेही मीच तिला सांगितलं. हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेते मी. स्वतःची तेवढी दिसली नाही.

घर आरोहीच्या आजोबांचं, हैबतरावांचं. वरच्या खोलीत मी भाड्यानं राहते, पण जेवायला बऱ्याचदा खालीच असते. आजीच्या, म्हणजे रत्नाबाईंच्या हाताला चव आहे, फक्त मीठ जरा कमी. शेजारचं घर हैबतरावांच्या धाकट्या भावाचं, गेणबांचं. तीन वर्षांपूर्वी जमिनीवरून दोघांचं फाटलं, मधे भिंत उठली आणि बोलणं बंद झालं. गेणबा एकटेच असतात. रोज हैबतरावांचा दुपारी डोळा लागला की रत्नाबाई भिंतीवरून दिराला घरच्याच आमटी-भाकरीचा डबा देतात. अख्ख्या आळीला हे ठाऊक होतं. नवऱ्याला कळलं तर डबा बंद होईल, ही रत्नाबाईंची धास्ती.

रविवारी संध्याकाळी हैबतराव ओट्यावर बसले होते. "आरू, काय शिकलीस ते वाच. मोठ्यानं."

रत्नाबाई शेजारी मेथी निवडत होत्या.

"पी, ए, आर," आरोहीनं सुरुवात केली. "पॅरट म्हणजे पोपट. पेरेंट म्हणजे आई नाहीतर पप्पा. पार्टी म्हणजे राजूकाका जिथनं उशिरा घरी येतो ती. पार्टिशन म्हणजे आपली भिंत."

"बराबर," हैबतराव म्हणाले.

"पार्सल म्हणजे आजी रोज भिंतीवरून धाकल्या आजोबांना देते ते."

रत्नाबाईंचा हात थांबला. घरातला अर्थ लिही म्हणे, माझाच नसता शहाणपणा. आरोहीलाही काहीतरी उमगलं असावं. तिनं मुकाट्यानं खोडरबर काढलं.

"खोडू नगं," हैबतराव म्हणाले. "बराबर लिवलंय."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. रत्नाबाईंनी मेथी बाजूला ठेवली. मान खाली नव्हती.

"भिंत झाली त्या दिसापास्नं देतीया मी. बंद कर म्हनू नका. त्याला हातानं करून खाता येत न्हाई."

"मी म्हनलो का बंद कर?" हैबतराव करवादले. "बीपी गेणबाला हाय, मला न्हाई. तीन वर्सं अळणी आमटी गिळतोय मी, ती काय उगाच?"