टाकीतला श्वास

अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये पांढऱ्या चादरीवर जुनी काळी मोटारसायकल उभी होती आणि तिच्या टाकीवर दोन्ही हात ठेवून फुंकरबाबा डोळे मिटून उभे होते. इंजिन नुकतंच धापा टाकत बंद पडलं होतं. बाबांनी टाकीचं झाकण हळूच फिरवलं, माईक त्याच्याजवळ नेला आणि सगळ्यांनी कानात प्राण आणले.

हुस्स...

"श्वास!" बाबा किंचाळले. "ऐकलात ना? लेकरू दमलंय हो, अजून दमतंय!"

पुढेच बसलेली म्हातारी पदर तोंडात कोंबून रडायला लागली. महिनाभरापूर्वी तिचा तरणाताठा मुलगा न्यूमोनियाने गेला होता, श्वासासाठी तडफडत. बाबांनी टाकीत फुंकर घातली, झाकण लावलं, शिष्याने किक मारली आणि गाडी धडधडायला लागली. आठशे हात जोडले गेले. परलोकातल्या माणसाशी थेट बोलणाऱ्या या बाबांना पलीकडच्या भिंतीपर्यंत बोलायला मात्र माईक लागत होता. धूप-दिवा ते गाडीजवळ लावू द्यायचे नाहीत. आत्म्याचं माहीत नाही, पण पेट्रोलचं त्यांना चांगलंच कळत होतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हातारीची सून हे बघत होती. बाबांनी बोलावल्याशिवाय शेडमध्ये पाऊल टाकायची तिला बंदी होती. गंमत बघा, ही गाडी भंगारातून घरी आणली तेव्हा तिची चाकंसुद्धा फिरत नव्हती. दोन वर्षं दर रविवारी नवरा-बायकोने ती याच शेडमध्ये उभी केली. कार्बोरेटर तिने दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केला, चाकांच्या तारा एकेक करून चकचकीत केल्या. "तू नसतीस तर हे धूड भंगारातच गेलं असतं," असं तो म्हणायचा. आता तो नव्हता आणि ही पांढऱ्या पायाची झाली होती.

सुरुवात केली होती सासऱ्यांनी, आणि तीही मायेपोटी. अण्णा आयुष्यभर पाट्या रंगवणारे पेंटर. मुलगा गेल्यावर हातांना काही काम नको का? त्यांनी गाडी रंगवायला घेतली. मग एक दिवस किक मारली. गाडी चालू झाली, थोड्या वेळाने बंद पडली. पेट्रोल आहे का बघायला अण्णांनी झाकण उघडलं, तर हुस्स! पुन्हा किक मारली, गाडी पुन्हा चालू. दारात उभ्या सासूच्या हातातलं ताट पडलं. "अहो, हा त्याचाच श्वास!" एवढं एक वाक्य शेजारणीच्या कानावर गेलं आणि आठवड्याच्या आत फुंकरबाबा दारात हजर झाले.

"आता सूनबाईंना आणा," बाबा म्हणाले. आजच्या बैठकीत गाडी धडधडत असताना बराच वेळ जप झाला होता. सून बाहेर आली, गाडीजवळ उभी राहिली. इंजिन अडखळलं, खोकलं, बंद पडलं.

"बघा! हिच्या सावलीलाही घाबरतोय बिचारा! पुढच्या बैठकीला ही घरातून गेली पाहिजे. नाहीतर पोराला सुटका नाही."

गर्दीतून "काढा तिला, काढा!" असा गलका झाला. सासूने दुसऱ्याच दिवशी सुनेची बॅग भरून दारात ठेवली. अण्णा खाली मान घालून बसले. शिकलेली सून, शाळेत विज्ञान शिकवणारी, आणि तिलाच काही सुचत नव्हतं. गाडी तर खरंच बंद पडत होती! आपण जवळ गेलो की बंद पडत होती. एका क्षणी तर तिलाही वाटून गेलं, खरंच माझं काही चुकलं का? त्या विचाराची तिला स्वतःचीच चीड आली.

बैठकीच्या आदल्या दिवशी सासू तेलाचा नवा डबा फोडत होती. खिळ्याने एक भोक पाडलं, डबा कलंडवला. तेल गचके देत थांबलं. सासूने सवयीने समोरच्या बाजूला दुसरं भोक पाडलं आणि सरळ धार लागली. सून हातातली भाजी तशीच सोडून उठली.

बैठकीला या वेळी गर्दी दुप्पट होती. बाई घराबाहेर काढताना बघायला मिळणार होती ना! नेहमीसारखी टाकी काठोकाठ भरली गेली, श्वास झाला, फुंकर झाली, जप झाला. बाबांनी बोलावलं तशी सून आली. तिच्या हातात दाभण होतं.

गाडी बंद पडली. बाबा तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, तेलाच्या डब्याला दोन भोकं का हो पाडता?"

सासू गोंधळली. "अगं, एका भोकाने तेल येतंय होय? हवा आत जायला नको?"

"टाकीच्या झाकणालाही त्यासाठीच बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरतं तशी वरून हवा आत जाते. इथलं भोक बुजलंय. हवा नाही, म्हणून पेट्रोल उतरत नाही, म्हणून गाडी बंद. झाकण उघडलं की हवा हुस्सकन आत घुसते. कुणी श्वास सोडत नाहीये, आई. टाकी हवा ओढतेय."

"हात लावू नकोस!" बाबा पुढे झाले. पण अण्णा मध्ये उभे राहिले. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांनी मान वर केली होती.

तिने झाकणावर दाभण टोचलं. राखाडी रंगाचा एक कण निघून चादरीवर पडला. अण्णांनी तो बोटावर घेतला, चुरडला. रंगाआधी खड्डे बुजवायची लांबी ओळखायला पेंटरला वेळ लागत नाही.

"मीच भरली," ते म्हणाले. "मला वाटलं गंजाचा खड्डा आहे. खड्डा दिसला की हात राहत नाही माझा."

सुनेने किक मारली आणि दोन्ही हात टाकीवर ठेवले. "आता मी इथून हलत नाही. म्हणा किती जप म्हणायचाय तो." गाडी चालत राहिली. जप संपेल इतका वेळ गेला, तसाच पुन्हा गेला, पोरं कंटाळून घरी निघाली, तरी गाडी चालतच होती.

"टाकी काठोकाठ का लागायची, कळलं?" ती म्हणाली. "वर जागा जितकी कमी, तितकी गाडी लवकर बंद पडते. ती वेळ साधून मला बोलवायचं. कुठल्याही गॅरेजात थोडे दिवस काढलेल्याला हे कळतं. बाबांनी किती काढले, त्यांनाच विचारा."

विचारणार कुणाला? शिष्य माईकची वायर गुंडाळत होते आणि बाबा फाटकाबाहेर पोचले होते. गर्दीला लगेच कंठ फुटला. "आम्हाला आधीपासूनच शंका होती!" मागच्या बैठकीला हीच तोंडं "काढा तिला" म्हणत होती. तिची माफी मात्र एकानेही मागितली नाही.

सासूने तिचा हात घट्ट धरला. "सूनबाई, ते भोक परत बुजव गं. मला त्याचा श्वास ऐकायचाय."

सुनेचे डोळे भरून आले. "शेवटी उशाशी मी होते, आई. श्वास थांबताना मी ऐकलाय. ते खोटं नाही करता येणार."

"बॅग आत ने, पोरी," अण्णा म्हणाले. "तुझा काही दोष नव्हता, कळलं आता."

"आणि हे भोक मला सापडलंच नसतं तर, अण्णा?"

अण्णांची नजर दारातल्या बॅगेकडे गेली.

"तरीही माझा दोष नव्हताच ना? उद्या दुसरं काही बिघडेल, त्याचं कारण मलाही सापडणार नाही. मग पुन्हा माझी बॅग दारात? कारण कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणावं. शोधत राहावं. त्यात कसला कमीपणा? रिकाम्या जागी माणसाचं नाव कशाला घालायचं?"

तिने ती बॅग उचलली, मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधली आणि गाडी फाटकाबाहेर काढली. लोकांनी मुकाट्याने वाट दिली. सासू दारात उभी राहिली, गाडी आता बंद पडेल, मग बंद पडेल, म्हणून कान देऊन. आवाज कोपऱ्यावरून वळला, लांब गेला, ऐकू येईनासा झाला. गाडी बंद पडली नाही.