विहीर कमी पिते तेव्हा

दुपारची जेवणं झाली आणि वर्गातले बाकीचे ड्रिलर प्रभादेवीच्या नाक्यावर पान खायला गेले, तेव्हा रामदास परब एकटाच मागे राहिला. डबा धुऊन, रुमालाने पुसून त्याने पिशवीत ठेवला आणि नूपुर प्रधानच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, मशीन मोकळं आहे तोवर एक विहीर लावाल?”

मशीन म्हणजे सिम्युलेटर. ड्रिलरची खुर्ची, समोर पडदे, खऱ्यासारख्याच तरफा आणि काटे. समुद्रातल्या तेलविहिरींवरच्या ड्रिलरना दर दोन वर्षांनी इथे येऊन, विहीर उसळू लागली तर ती बंद करता येते हे दाखवावं लागे. नूपुर बारा वर्षं तेच शिकवत होती.

“कुठली विहीर?”

परबने खिशातून वहीचं घडी घातलेलं पान काढलं. खोली, मडचं वजन, गॅसचा दाब, किती पाइप वर आले होते, सगळं बारीक नेटक्या अक्षरात. चौथ्या ओळीपाशी नूपुर थांबली. ही त्याचीच विहीर होती, गेल्या वर्षी त्याच्या जुन्या जोडीदाराला, रामजीला, घेऊन गेलेली.

“रविवारी रामजीचं वर्षश्राद्ध,” परब म्हणाला. “लीलावैनींनी तेव्हा विचारलेलं, भावजी, थांबवता आली नसती ना? मी म्हटलं, नाही वैनी. बोलून गेलो. आता गिरगावात त्यांच्याच घरी पानावर बसायचंय. खरं बोललो की खोटं, एकदा बघून घेतो.”

नूपुरला बघायची गरज नव्हती, आकडे पुरेसे होते. विहिरीतून पाइप बाहेर काढताना त्याची जागा भरायला वरून मड, म्हणजे तो जड राडा, ओतत राहावा लागतो. त्याच्याच वजनाखाली गॅस दबून राहतो. जेवढा पाइप बाहेर, तेवढा मड आत. विहीर त्याहून कमी प्यायली, तर समजायचं की खालून गॅसने जागा बळकावली. परबने ते ओळखलं होतं. काम थांबवून, विहीर आपणहून वाहतेय हेही पाहिलं होतं. त्यानंतर तोंडावरचं झाकण बंद करायचं, बस. कुणाला विचारायचं नसतं. तो हक्क ड्रिलरचा, असं वर्गातल्या भिंतीवर ठसठशीत लिहिलेलं होतं. परबने मात्र आधी आपल्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, थांब, येतो. त्यांना यायला नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ रामजी वर डेरिकवर, त्या पोलादी मनोऱ्यावर नव्वद फुटांवर, पुढच्या पाइपची वाट बघत उभा होता.

तिने आकडे भरले. मग कुणी न सांगितलेली एक गोष्ट भरली. झाकणाला गळती. आता वेळेवर बंद केली तरी विहीर थांबणार नव्हती. निदान रविवारी माणूस जेवेल तरी.

परब खुर्चीत बसला. विहीर कमी प्यायला लागली. तो थांबला, प्रवाह पाहिला, पाइपच्या तोंडावर वॉल्व्ह बसवला आणि तरफ ओढली. कुणालाही विचारलं नाही. प्रवाह मात्र वाढतच गेला, आणि पडदा लाल झाला.

त्याने पडद्यावरचे काटे एकेक करून तपासले.

“झाकण गळकं लावलंत, मॅडम.”

नूपुरने कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

“त्या दिवशी झाकणाने धरलं होतं. वर सगळं पेटल्यावर बंद केलं, तरी धरलं.” तो जरासा हसला. “मास्तरीण असून कॉपी पुरवताय होय?”

“परब, उठा आता. बाकीचे येतील.”

“येऊ देत. नीट लावा.”

तिने गळती काढली. या वेळी अठ्ठेचाळीस सेकंद लागले. दोन काटे हळूहळू चढले आणि आपापल्या जागी स्थिरावले. टाकीत मड वाढायचा थांबला. विहीर गप्प झाली.

“म्हणजे थांबली असती.”

“हो.”

परबने तरफेवरचा हात काढला नाही. “पंधरा वर्षांपूर्वी मी न विचारता एक विहीर बंद केली होती. आत काहीच नव्हतं. अर्धा दिवस फुकट गेला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, विहीर तुझ्या बापाची काय? महिनाभर घरी बसवलं. तेव्हा रामजीच म्हणाला होता, रामा, इचारल्याशिवाय हात लावू नको रे बाबा. पोटावर येता.”

नूपुर उठली. कपाटातून तिने परबचा दोन वर्षांपूर्वीचा परीक्षेचा कागद काढला. तो तिथे आहे हे वर्षभर तिला ठाऊक होतं. वर्षभर तिने तो कप्पा उघडला नव्हता. खूण दिसल्यापासून झाकण बंद होईपर्यंत तीन मिनिटं चाळीस सेकंद. शेऱ्याच्या रकान्यात तिचं अक्षर: शांत, शिस्तबद्ध. उत्तीर्ण.

“तुम्ही तेव्हाही मागे वळून विचारलं होतंत, ‘मॅडम, करू बंद?’ मी चहा पीत होते,” ती म्हणाली. “मी मान हलवली. तिथेच तुम्हाला नापास करायला हवं होतं.”

परबने कागद शेवटपर्यंत वाचला आणि होता त्याच घडीवर घडी घालून परत दिला.

“मग वैनींना काय सांगू?”

दाबाचं गणित तेवढं तिला येत होतं, आणि ते सुटलं होतं.

जिन्यावर पावलं वाजली. वर्गातले लोक हसत, पानाचा वास घेऊन आत आले आणि खुर्चीतल्या परबला बघून दारातच थबकले.

“काय परब, आत्ताच पेपर सोडवून मोकळा?” कुणीतरी म्हणालं.

परबने वळून पाहिलं नाही. त्याने आकड्यांचा कागद तरफेपाशी नीट सपाट केला.

“आणखी एकदा लावा, मॅडम.”

नूपुरने लावली. सेहेचाळीस सेकंद. विहीर थांबली.

“पुन्हा.”