साहेब, पळू नका!

बुसानच्या बंदराजवळच्या एका अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, माक हेरिम वीस वर्षं चोरून टॅटू काढत होती. डॉक्टर नसलेल्याने कुणाच्या अंगाला सुई लावणं हा गुन्हा होता. म्हणून दारावर नाव नाही. कुणी विचारलंच तर हेरिम विणकाम शिकवते, असं सांगायचं. खोलीत तसे लोकरीचे गुंडे रचून ठेवलेले. खाली घरमालकीण योमावशीची माशाच्या वड्यांच्या रश्श्याची टपरी. सरकारी माणूस दिसला की मावशी नळाच्या पाइपावर डाव आपटायची आणि हेरिम मागच्या जिन्याने पसार.

मग कायदा बदलला. हेरिम परीक्षा पास झाली, तिने परवान्यासाठी अर्ज केला. उरली होती फक्त आरोग्य खात्याची तपासणी. तिने खोली घासूनपुसून लख्ख केली, सुया निर्जंतुक करायचं यंत्र आणलं, हात धुवायला नवं बेसिन बसवलं. त्या सकाळी तर ती रबरी हातमोजे चढवूनच बसली होती.

तपासनीस कुकसाहेब आले आणि त्यांनी खाली चौकशी केली, "आजी, टॅटूचं दुकान इथेच ना?"

मावशीला सगळं ठाऊक होतं. पण गळ्यातलं ओळखपत्र दिसलं आणि तोंड आपोआप सुटलं.

"टॅटू? शी! आमच्या घरात असली थेरं चालत नाहीत!"

हातही आपोआप चालला. टण टण टण!

वर हेरिमनेही विचार केला नाही. मशीन, शाई, सुयांची पाकिटं पिशवीत कोंबली आणि ती थेट मासळी बाजारात जाऊन थांबली.

"काय गं," एक कोळीण म्हणाली, "हातमोजे घालून कुणाचा मुडदा पाडून आलीस?"

हेरिमने हातांकडे पाहिलं. "अगं बाई! त्या तपासनिसाला तर मीच बोलावलंय!"

ती हसत हसतच माघारी धावली. कुकसाहेब बसथांब्याकडे निघाले होते.

"ओ साहेब! थांबा! पळू नका!"

काळे हातमोजे घातलेली, फुगलेली पिशवी घेऊन धावणारी बाई पाहून साहेबांनी पावलं आणखी उचलली.

"अहो, मला पकडा! म्हणजे, तपासा!"

धापा टाकत दोघं वर आले. मागोमाग मावशी, खाली मान घालून. साहेबांनी यंत्र पाहिलं, बेसिनचा नळ सोडून पाहिला, सुयांची पाकिटं उजेडात धरली.

"सगळं ठीक आहे. पण ही लोकर?"

"ती... खोटं बोलायला लागायची," हेरिम पुटपुटली.

"धूळ धरते. आज बाहेर काढा, मग सही करतो."

"खोटंच बाहेर काढायचंय ना? काढते!" म्हणत मावशीने गुंडे खिडकीतून फेकायला सुरुवात केली. लाल, हिरवे, पिवळे! गल्लीतली मांजरं वेडी झाली. साहेबांनी ओठ घट्ट दाबून पाहिले, पण शेवटी भिंतीला टेकून ते असे हसले, की चष्मा काढून पुसावा लागला. सही जरा वाकडीच आली.

साहेब गेल्यावर हेरिमने मावशीला कमरेला धरून गरागरा फिरवलं.

"सोड गं, माझा रस्सा जळतोय!"

"जळू दे!"

दुपारी हेरिमने जिन्याच्या खालच्या, गल्लीकडच्या दारावर स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं. मग रस्त्यापलीकडे जाऊन ते वाचलं. परत आली, परत गेली. येणाराजाणारा प्रत्येक जण तिला विचारत होता, ही कोण? आणि ती छातीवर हात ठेवून सांगत होती, "मी!"