शंभराच्या आत

चेंडू तळ्यात पडला तो अगदी मुकाट्याने. काठावरच्या बदकाने मान वळवून पाहिलं, इतकंच.

"गेला," मास्तर म्हणाले. "आता दुसरा टाक. आणि तळ्याकडे बघू नकोस. तुझं नेहमीचंच आहे, जिथे जायचं नाही नेमकं तिथेच बघतोस."

कवळीकरने खिशातला दुसरा चेंडू काढला. दोन फटके झाले होते, तिसरा दंडाचा. चौथ्यात तो ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीच्या, कडेशी आला, पाचव्यात झेंड्याजवळ, आणि मग ज्या चार हातांवरून लहान मूलही चेंडू भोकात घालील तिथून त्याला दोन फटके लागले.

"सात, मास्तर."

"सात," मास्तर पुटपुटले. कानामागची पेन्सिल काढून त्यांनी कार्डावर लिहिलं. त्यांच्याबरोबर खेळणारे वकील पलीकडच्या झुडपात स्वतःचा हरवलेला चेंडू शोधत झुडपालाच शिव्या देत होते.

कवळीकर हे काही त्याचं खरं आडनाव नव्हे. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून तो सव्वीस वर्षं कवळ्या करत होता. म्हणून वकिलांनी त्याचं बारसं केलं आणि ते आडनाव इतकं खऱ्यासारखं वाटलं की क्लबात दुसरं कुणाला आठवेचना. त्याने केलेल्या दातांनी अर्धं गाव जेवत होतं, हसत होतं. पण हे दात कुणी केले, असं आजवर एकानेही विचारलं नव्हतं. लोक डॉक्टरांचे आभार मानत आणि समोरच्या दाराने निघून जात. त्याचं त्याला फारसं वाईट वाटत नसे. निदान तो तसं म्हणत असे.

गोल्फ त्याला मास्तरांनी लावला. मास्तर म्हणजे त्याचे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी त्याला या सार्वजनिक मैदानावर आणलं आणि त्याच्या हातात काठी दिली. चांगले खेळाडू अठरा होल सत्तर-बहात्तर फटक्यांत संपवतात. कवळीकरला पहिल्या दिवशी एकशे एक्केचाळीस लागले. तेव्हापासून त्याचं एकच मागणं होतं: शंभराच्या आत यायचं, एकदा तरी. क्लबाच्या दारात एक काळा तक्ता होता. महिन्याच्या स्पर्धेत जो पहिल्यांदा शंभराच्या आत येई, त्याचं नाव त्यावर पांढऱ्या रंगात लिहीत. माळ्यापासून वकिलांपर्यंत सगळ्यांची नावं तिथे होती.

त्याने काय केलं नाही? झोपायच्या खोलीत सतरंजीवर पेला आडवा ठेवून तो चेंडू ढकलायचा सराव करी, आणि बायको "आता माझ्या पायावरून जाऊ द्या हो तो," म्हणत पाय वर घेई. खेळून आल्यावर दर वेळी एका वहीत तो प्रत्येक होल शब्दांत लिहून काढी. पहिला उजवीकडे गेला, वाळूतून निघायला दोन लागले, घाई केली. बेरीज मात्र तो कधी करत नसे, कारण मास्तरांनी पहिल्याच वर्षी बजावलं होतं: "आकडा डोक्यात धरलास की हात जड होतात. तू मारत जा. मोजायचं काम माझं."

तरीही आठ वर्षं तो एकशे सहा ते आठवरच अडून बसला होता. आणि या वर्षी अचानक आकडा उतरू लागला. एकशे सात, मग एकशे चार, मागच्या महिन्यात एकशे एक. त्याची चालही बदलली होती. कवळ्या घासताना तो गुणगुणायला लागला होता.

अठरावा होल संपवून तिघे क्लबात आले. मास्तरांनी कार्ड टेबलावर ठेवलं. वकिलांनी ते ओढून घेतलं, ओठ हलवत बेरीज केली, पुन्हा केली, आणि मग एवढ्या जोराने ओरडले की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला.

"अठ्ठ्याण्णव! अहो, कवळीकर शंभराच्या आत!"

लोक उठले. कुणी पाठ थोपटली, कुणी हात धरून हलवला. गोल्फमध्ये आपला आकडा बरोबरचा माणूस लिहितो, आपण तपासून खाली सही करायची. एरवी कवळीकर न बघताच सही करी. आज मात्र त्याने तपासायला कार्ड घेतलं. मास्तरांचे आकडे नेहमीसारखेच, छापल्यासारखे. नजर चौदाव्या, तळ्याच्या होलच्या चौकटीवर आली.

पाच.

त्याने मान वर केली. मास्तर त्याच्याकडेच बघत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. "अकरा वर्षं लागली रे," ते म्हणाले. "पण आलास."

"करा सही, बघताय काय!" वकील म्हणाले. "मास्तरांच्या आकड्यांत चूक काढताय की काय?"

सगळे हसले. कवळीकरने सही केली.

घरी बायकोने त्याचा चेहरा पाहण्याआधीच आकडा ऐकला होता. ताईचा, तिच्या थोरल्या बहिणीचा, फोन येऊन गेला होता. "बघा, शेवटी माझ्या पायांचं सार्थक झालं," ती म्हणाली, आणि संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं ठरवून कपाट उघडून उभी राहिली. तो आतल्या खोलीत जाऊन वही घेऊन बसला. फार तर शंभर, तो स्वतःला सांगत होता. चौदाव्याचे दोन मिळवले की शंभर. शंभरही काही कमी नाही.

आजचा खेळ त्याने आठवून आठवून लिहिला. मग पहिल्यांदाच प्रत्येक ओळीपुढे आकडा मांडला. सहाव्या होलला झाडाखाली अडकला होता, आठ लागले होते. क्लबातून मिळालेल्या कार्डाच्या नकलेवर पाच होते. अकराव्याला नऊ, तिथे सहा. बेरीज एकशे सहा आली. तो मागची पानं उलटून त्यांचीही बेरीज करू लागला, आणि टाचणीने टोचून ठेवलेल्या जुन्या कार्डांच्या नकला काढून शेजारी मांडल्या. गेला महिना: कार्डावर एकशे एक, वहीत एकशे सात. त्याआधीचा: एकशे चार आणि एकशे सहा. त्याआधीचा: एकशे सात आणि एकशे आठ.

तो होता तिथेच होता. एका फटक्यानेही पुढे सरकला नव्हता. उतरत होतं ते दुसरंच काही होतं.

बायको दोन साड्या हातात घेऊन दारात आली. "यातली कुठली?" मग तिने पसरलेली कार्डं पाहिली. "काय झालं?"

त्याने सांगितलं. ती पलंगाच्या कडेला बसली.

"कुणाला सांगायचं नाही अशी ताईने मला शपथ घातली होती," ती म्हणाली. "मास्तर भावजी पेपरातलं आकड्यांचं कोडं सोडवतात ना रोज? मागच्या आठवड्यात तिने पाहिलं, तर सगळ्या चौकटींत चार. एक्याऐंशी वेळा चार, सुवाच्य अक्षरात. आणि खाली 'पूर्ण' असं लिहिलेलं."

त्या दिवशी ते जेवायला बाहेर गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून सुटल्यावर तो ताईकडे गेला. मास्तर आत पडले होते. ताईने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि हळू आवाजात बोलू लागली.

"डॉक्टर म्हणाले, हे आता वाढतच जाणार. त्यांना स्वतःला थोडं कळतं, थोडं नाही. पण मैदानावर जायचं असलं ना भावजी, की सकाळी स्वतःहून उठतात, पेन्सिलीला टोक करतात. त्या दिवशी ते अगदी पहिल्यासारखे असतात. क्लबात कळलं तर तो वकील काही वाईट माणूस नाही, पण दया करील. ती त्यांना सोसायची नाही."

"पण ताई, तक्त्यावर माझं नाव लागणार."

"मग लागू दे की. कुणाचं काय जातंय?"

ती हे अगदी मनापासून म्हणाली, आणि क्षणभर त्यालाही तसंच वाटलं. कुणाचं काय जातंय? एक ओळ पांढरा रंग. सव्वीस वर्षं मागच्या खोलीत बसलेल्या माणसाचं नाव एकदा समोरच्या दारात लागलं तर कुठलं आभाळ कोसळणार होतं? तो घरी चालत गेला. वाटेत दोनदा थांबला. रात्री नीट जेवला नाही. बायकोने ताट उचलताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

पुढच्या दिवशी तो क्लबात गेला तेव्हा सेक्रेटरीबाई एकट्याच होत्या. रंगाचा डबा उघडून त्या ब्रश पुसत होत्या.

"वेळेवर आलात. नाव कसं लिहू? कवळीकरच, की खरं आडनाव?"

"लिहू नका," तो म्हणाला. "माझे एकशे सहा झाले होते. मास्तरांना मी आकडे कमी सांगितले. तीन होलचे."

बाईंनी ब्रश खाली ठेवला.

"मागच्या तीन महिन्यांचंही तसंच आहे," तो म्हणाला. हे वाक्य त्याने वाटेत पाठ केलं होतं. "तीही कार्डं काढून टाका."

"तीन महिने तुम्ही स्वतःच्या साडूंना फसवत होतात?"

"हो."

"मास्तरांना संशयही आला नाही?"

"त्यांचा माझ्यावर विश्वास आहे."

बाईंनी रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. त्यांना काही उमगलं की नाही हे त्याला कधीच कळलं नाही. "वर्षभर स्पर्धेत खेळता येणार नाही," त्या म्हणाल्या. "कारण लिहून लावावं लागेल."

"लावा. आणि एक सुचवू का? यापुढे प्रत्येक कार्ड दोघांनी मोजावं. माझ्यासारखा आणखी कुणी निघाला तर उपयोग होईल."

चार दिवसांत सगळीकडे झालं. दवाखान्यात दात दाखवायला आलेल्या माळ्याने मागच्या खोलीत डोकावून पाहिलं आणि मान मागे घेतली. वकिलांनी "अहो कवळीकर, दात खोटे केलेत ते ठीक, आकडेही?" असा विनोद केला, म्हणे, आणि तो क्लबभर फिरला.

मास्तर स्वतः घरी आले. ताई मागून धापा टाकत येत होती. ते बसले नाहीत.

"तू सात म्हणाला असतास तर मी सातच लिहिलं असतं! पंधरा म्हणालास तर पंधरा! मी कधी हसलो तुला? अकरा वर्षांत एकदा तरी?"

"नाही, मास्तर."

"मग का केलंस?"

कवळीकरने खाली पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभी होती.

"शंभराच्या आत यायचं होतं," तो म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं.

"तुझ्याबरोबर मी पुन्हा खेळणार नाही," मास्तर म्हणाले आणि गेले.

रोज सकाळी ताईचा फोन येऊ लागला. बायकोशी बोलून झालं की ती त्याला मागून घेई. "आज पुन्हा तुमच्यावर चिडलेत," ती सांगे. "काल कुठे गेलो होतो ते विसरले, चष्मा कुठे ठेवला ते विसरले. हे मात्र विसरत नाहीत. शब्दन् शब्द लक्षात आहे." मग म्हणे, "भावजी, मी सांगून टाकू का त्यांना?"

"नको. राहू दे त्यांच्याजवळ तेवढं."

स्पर्धा नसलेल्या दिवशी मैदान कुणालाही मोकळं असे. दोनेक महिन्यांनी एका दुपारी तो एकटाच खेळायला गेला. नवव्या होलपाशी मागून मंडळी येताना दिसली. वकील, आणखी एक जण, आणि मास्तर. एकट्याने अशा वेळी वाट द्यायची असते. तो बाजूला होऊन उभा राहिला. वकील नजर चुकवून पुढे गेले. मास्तर ताठ मानेने येत होते. त्यांच्या उजव्या बुटाची नाडी सुटून गवतात फरफटत होती.

"मास्तर, नाडी."

मास्तर थांबले. त्यांनी नाडीकडे पाहिलं. वाकले, दोन्ही टोकं हातांत धरली, आणि तसेच राहिले. बोटं टोकांवर होती, पण पुढे काय करायचं ते त्यांना सापडत नव्हतं.

कवळीकरने काठी गवतात ठेवली आणि गुडघ्यावर बसून टोकं त्यांच्या हातांतून अलगद सोडवून घेतली.

"खोटं बोलणाऱ्याबरोबर मी खेळत नाही," मास्तर त्याच्या डोक्यावरून दूर झेंड्याकडे बघत म्हणाले.

"हो, मास्तर."

त्याने गाठ मारली, सुटू नये म्हणून आणखी एक मारली, आणि बूट जरा हलवून पाहिला. पायाला काचत नव्हता. मास्तरांनी पाय काढून घेतला आणि ते बाकीच्यांच्या मागे चालू लागले. तिघेही ग्रीन सोडून झाडांपलीकडे जाईपर्यंत तो तिथेच गुडघ्यावर बसून होता.