‘इतर’मधले सत्तेचाळीस

स्नेहलताबाईंनी रिसिव्हर खांदा आणि कान यांच्या मध्ये दाबून धरला आणि स्क्रीनवरची यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. पाणी तापत नाही. पाणी फार तापतं. गळती. आवाज. दिवा लागत नाही. ॲप जोडलं जात नाही. एकूण चौदा कारणं.

“बेन, नळने हाथ अडाडुं ने झटको लागे छे,” पलीकडची बाई तिसऱ्यांदा सांगत होती. “लख्युं के नहीं?”

“लख्युं, बेन. स्विच बंध राखजो. माणस आवशे.”

नळाला हात लावला की बसणाऱ्या झटक्याला यादीत जागा नव्हती. बाईंनी ‘इतर’ दाबलं, शेऱ्याच्या चौकोनात ‘झटको’ एवढंच टाइप केलं. हिरवी खूण आली आणि नोंद निघून गेली. कुठे गेली, ते अलीकडे कळत नसे.

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या त्या गीझरच्या कारखान्यात स्नेहलता माने चोवीस वर्षं लोकांच्या तक्रारी ऐकत होत्या. पूर्वी जाडजूड रजिस्टर असे. शॉकची तक्रार आली की त्या ती लाल शाईनं लिहीत, आणि तेवढ्यावर न थांबता चिठ्ठी घेऊन जिना उतरत, तपासणी खात्यातल्या श्रीकृष्ण पवारांसमोर धरत. “पवार, हातातलं ठेवा. आधी हे.” दीड वर्षापूर्वी कंपनीनं ‘बिग डेटा घेतला.’ नवी क्रेन घ्यावी तसा घेतला. रजिस्टरं माळ्यावर गेली. नव्या गीझरांना ॲप आलं. घराघरांतून ते दर मिनिटाला पाण्याचं तापमान कळवू लागले. स्वागतकक्षात भिंतभर पडदा लागला आणि बडोद्यात, सुरतेत, नाशकात या घडीला किती गीझर चालू आहेत ते त्यावर लुकलुकू लागलं. पाहुणे आले की मालक प्रतापसिंह शिर्के त्यांना चहाच्या आधी तिथं उभं करत.

आठवड्यातला हा तिसरा झटका होता. बाई उठल्या आणि काचेच्या खोलीत गेल्या. डेटाचं सगळं खातं मयंक बघत असे. तिशीचा, हुशार, कधी कुणावर आवाज न चढवणारा मुलगा.

“मयंक, यादीत शॉक घाल बाबा. लोकांना शॉक बसतायत.”

“बेन, यादी आता नाही बदलता येत. दुसऱ्या टप्प्यात घेऊ. गुरुवारी मंजुरी आहे.”

“मग तोवर त्या तक्रारी बघतं कोण?”

“‘इतर’ ना?” त्यानं कुठलासा आकडा काढून बघितला. “दोन टक्केसुद्धा नाहीत. हिशेबाला घेताना ते आम्ही गाळतो. त्यानं चित्र बिघडतं.”

“चित्र बिघडतं,” बाई म्हणाल्या आणि परतल्या.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा टेबलावरच खाल्ला आणि ‘इतर’मधल्या सगळ्या नोंदी उघडल्या. अकराशेच्या वर होत्या. मशीन फक्त कारण वाचत होतं. शेरा कुणीच वाचत नव्हतं. कुणी ‘करंट’ लिहिलं होतं, कुणी ‘झणझणाट’, शेजारच्या टेबलांवर गुजरातीत टाइप करणाऱ्या पोरींनी ‘शोक’ लिहिलं होतं. मराठीत वाचताना त्याचा अर्थ भलताच होई. बाईंनी एकेक नोंद कागदावर उतरवली. सत्तेचाळीस भरल्या. सगळे गीझर मार्चनंतर बनलेले.

कागद घेऊन त्या खाली गेल्या. पवारांनी चष्मा कपाळावर ढकलून तो वाचला.

“हे माझ्यापर्यंत आलं कसं नाही?”

“मलाच विचारताय?”

पवारांनी तयार मालातून एक गीझर उतरवला, मागचं झाकण काढलं, अर्थिंगचा स्क्रू सोडवला. स्क्रूखाली पांढरा रंग होता, गुळगुळीत. मार्चपासून पत्रा रंगवून मग जोडणी सुरू झाली होती. वेळ वाचावा म्हणून. रंगावर बसलेलं अर्थिंग असून नसल्यासारखं. आत जरा कुठे करंट उतरला की तो थेट पाण्यात.

पवारांनी स्क्रू टेबलावर ठेवला. “कुणी गेलं नाही ना, बाई?”

“कागदावर तरी नाही.”

गुरुवारच्या बैठकीला बाईंना बोलावणं होतंच. नवी प्रणाली वापरणाऱ्यांच्या वतीनं दोन चांगले शब्द बोलायचे होते. दुसऱ्या टप्प्याला तीन कोटी लागणार होते आणि बँकेची माणसं ऐकायला आली होती. मयंकनं रंगीत आलेख दाखवले. तक्रारी एक्केचाळीस टक्क्यांनी घटल्या. कारेलीबागेत लोक सर्वांत जास्त अंघोळ सहा चाळीस ते सात वीसच्या दरम्यान करतात. बँकेची माणसं हसली. प्रतापसिंहसाहेबांनी मान डोलावली आणि बाईंकडे पाहिलं.

“बोला, स्नेहलताबाई.”

बाई उठल्या. त्यांनी कागद टेबलावर ठेवून त्यावर पंजा दाबला.

“साहेब, कारेलीबागेत कोण किती वाजता अंघोळ करतं ते आपल्याला अगदी मिनिटापर्यंत कळतं. त्याच अंघोळीत त्याला शॉक बसतो, ते कळत नाही. सात महिन्यांत सत्तेचाळीस जणांनी फोन करून सांगितलं. आपण ते गाळून टाकलं. चित्र बिघडतं म्हणून. आज एखादं माणूस गेलं, तर त्या भिंतीवरचा एक दिवा विझेल फक्त. आणि आपण म्हणू, गीझर बंद झाला.”

पवारांनी सांगितलेलं रंगाचं कारण बाईंनी चार वाक्यांत सांगितलं. मग मयंकनं लॅपटॉपवर काहीतरी दाबलं आणि खाली बघतच तो बोलला. आवाज नेहमीइतकाच हळू होता.

“बेन, या सत्तेचाळीसमधल्या एकतीस नोंदी तुमच्या नावावर आहेत. ‘इतर’ तुम्हीच निवडलंय. बाजूला ‘तातडीचं’ म्हणून बटण आहे. ते एकदाही दाबलेलं नाही.”

उत्तर बाईंच्या जिभेवर होतं. त्या बटणानं विभागाचे गुण कमी होत, आणि ते उगाच दाबू नका म्हणून याच खोलीत, याच मुलानं बजावलं होतं. ते खरंही होतं. पण बटणाचं राहू दे. खाली पवारांकडे जाणारा जिना तर कुणी काढून नेला नव्हता. सात महिने तो तिथंच होता, वीस पायऱ्यांचा.

“हो,” त्या म्हणाल्या. “मीच टाकल्या.” आणि बसल्या.

साहेबांनी बँकेच्या माणसांकडे एकदा पाहिलं. “ठीक आहे. मार्चनंतरचे सगळे गीझर तपासून देऊ. हे बाहेर बोलायचं नाही. मयंक, पुढे चला.”

तीन कोटी मंजूर झाले. संध्याकाळी कंपनीच्या सगळ्यांना आलेल्या पत्रात ‘आपल्या डेटा प्रणालीनं वेळीच हेरलेला दोष’ असं ठळक अक्षरांत होतं. बाईंनी ते एकदा वाचलं. राग आला, पण पूर्वीसारखा सरळ येईना. मध्येच कुठेतरी तो त्यांच्याकडेच वळत होता.

पत्रासोबत बाधित ग्राहकांची यादी होती, सहा हजारांवर नावांची. क्रम मशीननं लावला होता. ॲपवाले सर्वांत वर, कारण तेच इंटरनेटवर अभिप्रायाचे तारे देतात. ज्यांच्याकडे नुसता फोन होता ते सर्वांत खाली. बाईंचे सत्तेचाळीस बहुतेक तळाशी होते.

“तीन आठवड्यांत सगळ्यांपर्यंत पोहोचू, बेन,” मयंक म्हणाला. “मी तुम्हाला सगळ्यांसमोर तसं बोलायला नको होतं.”

“खोटं नव्हतास बोलला.” बाईंनी यादीची छपाई मागून घेतली. “शेवटची दोन पानं दे मला.”

दुसऱ्या दिवशी सातच्या आत त्या ऑफिसात होत्या. झाडूवाल्या मथुराबाई अजून पाणी मारत होत्या. स्नेहलताबाईंनी तळचं नाव घेतलं, हरणी भागातलं, आणि नंबर फिरवला. बऱ्याच वेळानं एका तरुण बाईनं फोन उचलला.

“बेन, गीझरच्या कंपनीतून बोलतेय. मराठी?”

“हो हो, बोला ना. जूनमध्ये सांगितलं होतं तुम्हाला. माणूस येणार म्हणाला होतात. कुणी नाही आलं.”

“मीच बोलले होते तुमच्याशी. मी ते चुकीच्या जागी लिहिलं. माझी चूक झाली. आत्ता गीझर चालू आहे?”

“मामंजी अंघोळीला गेलेत. आम्ही रबरी चपला घालून करतो.”

“आत्ताच्या आत्ता मेन स्विच बंद करा. फोन ठेवू नका. पळा.”

फोन कशावर तरी आपटला. पावलं लांब गेली. बाई उभ्या राहिल्या होत्या, हे त्यांना मागाहून कळलं. लांबून “मामंजी!” अशी हाक आली. उत्तर नाही. पुन्हा हाक, दारावर थापा. बाईंनी रिसिव्हर कानाशी इतका दाबला की कान दुखायला लागला.

मग खाडकन दार उघडल्याचा आवाज आला आणि एक म्हातारा कडाडला. तोंडाला साबण लावलाय आणि लाइट घालवली कुणी? कंपनीवाले? कुठली कंपनी? चार महिने झोपली होती का ती? द्या इकडे तो फोन!

आवाज जवळ येत गेला. फोन ओल्या हातात गेल्याचं कळलं. म्हाताऱ्यानं कंपनीला धारेवर धरलं, तिच्या मालकाला धरलं, फोनवरच्या बाईला धरलं. घरात पाच वर्षांची नात आहे, तिला तुम्ही ओळखता का, असं विचारलं. दम लागला तरी थांबला नाही.

स्नेहलताबाई हळूच खुर्चीवर टेकल्या. डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा होता, पण त्यांनी पुसले नाहीत.

“बोला, आजोबा,” त्या म्हणाल्या. “सगळं बोला. मी ऐकतेय.”