माहेरचा पितळी गुंड

मित्रांनो, मी एक जुना पितळी गुंड आहे. नाव ऐकून दचकू नका. शहरातली पोरं हसतात, ते मला ठाऊक आहे. पण आमच्या झाडीपट्टीत पाणी भरायच्या मोठ्या पितळी भांड्याला गुंडच म्हणतात. मी आयुष्यात कोणाला साधी टिचकीही मारलेली नाही. उलट टिचक्या मीच खाल्ल्या. दुकानात येणारा प्रत्येक जण मला बोटानं टण्ण करून वाजवायचा आणि नाक मुरडून पुढं जायचा. "जड हाय बाप्पा!" म्हणायचा. अहो, पितळ आहे, जड असणारच!

माझा जन्म भंडाऱ्याचा. कासारानं ठोकून ठोकून मला पोट दिलं, गळा दिला, काठ वळवला. तिथून ट्रकमध्ये बसून मी गडचिरोलीच्या एका दुकानात आलो आणि फळीवर धूळ खात राहिलो. एक दिवस धानोऱ्याकडच्या खेड्यातला मुखरू दुकानात आला. सतरा वर्षांचा, काटकुळा, बोटं तेंदूच्या पानांनी काळी पडलेली. सगळा उन्हाळाभर त्यानं तेंदूपत्ता तोडला होता, तो थोरल्या बहिणीच्या लग्नात स्वतःच्या कमाईचं आंदण द्यायचं म्हणून. त्यानं मला टिचकी मारली नाही. दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाला, "हाच."

मला सायकलच्या कॅरिअरला बांधून तो जंगलातल्या वाटेनं निघाला. एका नाल्यात सायकल घसरली आणि मी दगडावर आपटलो. गळ्याखाली अंगठ्याएवढा पोचा पडला. मला फारसं लागलं नाही, पण मुखरू मात्र घरी पोचेपर्यंत रडत होता. त्याच्या बहिणीनं, बायनानं, त्या पोच्यात अंगठा बसवून पाहिला आणि ती हसत म्हणाली, "रडतं कायले रे बाबू? धराले जागा झाली!"

तर मित्रांनो, मी बायनाबाईसोबत मूल या गावाजवळच्या तिच्या सासरी आलो. काय दिवस होते ते! पहाटे विहिरीवर पहिला नंबर माझा. बायनाबाई मला कमरेवर घ्यायची, अंगठा बरोब्बर त्या पोच्यात. भाताच्या रोवणीच्या दिवसांत बांधीवर, म्हणजे शेतात, बायका माझ्यातलं पाणी प्यायच्या आणि "या गुंडातलं पाणी गोड लागते" म्हणायच्या. पाणी विहिरीचंच असायचं हो, पण कौतुक माझं व्हायचं. मी ते नाकारत नसे. दर भाऊबीजेला मुखरू यायचा. बायनाबाई माझ्यातल्या पाण्यानं त्याचे पाय धुवायची आणि तो लहान पोरासारखा अंगठे आक्रसून घ्यायचा. त्या दिवसाची वाट मी वर्षभर पाहायचो.

मग एका पावसाळ्यात त्यांचे बाबा वारले. मुखरूनं बहिणीकडे माणूस धाडला, पण नदीला पूर होता. माणूस दोन दिवस पलीकडेच अडकला. बायनाबाई पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. बाबांचं तोंड तिला पाहायला मिळालं नाही. दुःखात माणसाच्या जिभेला धरबंध राहत नाही. ती अंगणात उभी राहून भावाला म्हणाली, "माह्यासाठी थांबला नाई तू. आजपासून माह्यं माहेर सरलं." मुखरूही तापट. "सरलं तर सरलं," म्हणाला. झालं! एवढ्या दोन वाक्यांवर अठरा वर्षं गेली. ना तो आला, ना ती गेली.

दरम्यान घरात नळ आला, प्लास्टिकचा ड्रम आला, पिण्याच्या पाण्याच्या कॅन आल्या. मी आधी कोपऱ्यात गेलो, मग माळ्यावर. पण दर दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी बायनाबाई मला खाली उतरवायची, चिंचेनं लखलखीत घासायची, भरायची आणि दाराशी ठेवायची. संध्याकाळी ते पाणी तुळशीला ओतायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारीची दिवाळीची साफसफाई. ती कोणाला काही बोलली नाही, आणि मी बोलून कोण ऐकणार?

बायनाबाईच्या मुलाचं, आदेशचं, लग्न झालं आणि मयुरी सून म्हणून आली. पोरगी गुणाची. पण घर पाहून तिला घाम फुटला. माळ्यावर काड्या नसलेल्या छत्र्या, पोटातली यंत्रं गेलेला रेडिओ, एकेक पाय गमावलेले तीन पाट. एकदा तिनं एका दिवसात सगळा माळा खाली काढला, तर बायनाबाई दोन वेळा जेवली नाही. मयुरी शहाणी. तिनं नवा नियम काढला. दर बाजाराच्या दिवशी फक्त तीन वस्तू काढायच्या. प्रत्येक वस्तूबद्दल सासूला विचारायचं, "आई, हे लागते का?" नाही म्हटलं तरी ती वस्तू आठवडाभर सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, ठेवायची. कोणाचं मन बदललं तर परत आत. नाहीतर पुढच्या आठवड्यात ज्याला कामाची त्याला देऊन टाकायची.

खरं सांगतो, मला तो नियम आवडला. घर हळूहळू मोकळं झालं. माळ्यावर उजेड आला. बायनाबाईनं भोक पडलेली एक चाळणी सपरीतून परत नेली, तर मयुरीनं हूं की चूं केलं नाही. पण दर आठवड्याला माझ्या शेजारचं कोणी ना कोणी उतरत होतं, आणि माझी पाळी येणार हे मला दिसत होतं.

ती फेब्रुवारीत आली. बायनाबाई खाली तांदूळ निवडत बसली होती. मयुरीनं मला पोटाशी धरून उतरवलं. "आई, हा गुंड लागते का?"

बायनाबाईचा हात सुपातच थांबला. मी आ वासून वाट पाहत होतो. म्हण ना, म्हटलं, 'लागते' म्हण! एवढाच तर शब्द आहे. पण तो शब्द उच्चारला तर 'कायले' हा प्रश्न आला असता, आणि उत्तरात भावाचं नाव घ्यावं लागलं असतं. अठरा वर्षं तिनं ते नाव त्या घरात काढलं नव्हतं.

"कायले लागन?" ती सुपाकडे पाहतच म्हणाली. "नळ हाय ना आता."

मी सपरीत गेलो. तो आठवडा मी कधी विसरणार नाही. बायनाबाई दिवसातून दहा वेळा माझ्यासमोरून जायची आणि दहाही वेळा दुसरीकडे पाहायची. एका दुपारी घरात कोणी नसताना मात्र ती माझ्याजवळ बसली. पदरानं माझं तोंड पुसलं. अंगठा त्या पोच्यात ठेवून बसून राहिली. तेवढ्यात फाटक वाजलं, मयुरी आली, आणि ही बाई उठून चक्क कोंबड्यांना हाकलायला लागली. सपरीत एकही कोंबडी नव्हती! काय म्हणावं या अकडीला?

आठवडा संपायला दोन दिवस होते तेव्हा लग्नाची पत्रिका आली. मुखरूच्या धाकट्या पोरीचं, रिनाचं, लग्न. अठरा वर्षांत त्या घरून आलेला तो पहिला कागद. बायनाबाईनं पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "तुमी जा. माह्ये गुडघे दुखतेत."

आहेर काय न्यायचा, यावर नवरा-बायकोचं बोलणं झालं. मयुरी म्हणाली, "सपरीतला गुंड हाय ना. अस्सल पितळ, असं आता कुठी भेटते? आई तर नाईच म्हणाल्या." आदेशला कल्पना आवडली. तो लहान असल्यापासून मी या घरात होतो. मी कोणाकडून आलो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. बायनाबाई तेव्हा शेतावर होती. त्यांनी मला घासलं, लाल कापडात गुंडाळलं आणि नेलं.

आता मित्रांनो, आमच्याकडची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. माहेरहून आलेलं भांडं फुटो, झिजो, काळं पडो, लेक ते माहेरी परत पाठवत नाही. परत पाठवलं, म्हणजे नातं संपलं. त्यावर मग बोलणं नाही.

मांडवात कापड सुटलं. मुखरूनं मला उचललं. आता केस पांढरे, खांदे झुकलेले, पण हात तेच. त्याचा अंगठा सरकत सरकत त्या पोच्यात गेला आणि थांबला. मला तर आनंदानं पुन्हा टण्ण वाजावंसं वाटलं. मग मी त्याचा चेहरा पाहिला.

"तुह्या मायनं पाठवला?" त्यानं विचारलं.

आदेश भोळा. मामाला बरं वाटावं म्हणून तो छाती काढून म्हणाला, "हो मामा! मायनंच पाठवला. म्हणे, मुखरूलेच देजो."

"बरं," मुखरू म्हणाला. एवढंच. वाजंत्री वाजत होती, पंगत उठत होती, आणि तो मला घेऊन घराच्या मागं गेला. गोठ्यातल्या फळीवर त्यानं मला पालथं घातलं. त्या दिवशी पोरीच्या लग्नात तो जेवला नाही. पालथ्या भांड्याला रडता येत नाही, मित्रांनो, नाहीतर मी रडलो असतो.

पुढचं मला नंतर मयुरीच्या तोंडून कळलं. आदेशनं घरी येऊन मोठ्या आनंदानं सांगितलं, "माय, मामानं आपला गुंड लय वेळ हातात धरला." बायनाबाईच्या हातातलं ताट खाली पडलं. "कोणता गुंड?" म्हणत ती सपरीत धावली. जागा रिकामी होती. तेव्हा तिनं रीत काय, गुंड कोणाचा, सगळं हुंदक्यांसकट सांगून टाकलं.

मयुरीही रडायला लागली. "आई, मी इचारलं होतं ना. आठवडाभर ठेवला होता. तुमी एक शब्द काऊन नाई बोलल्या?"

"तुही चूक नाई वं पोरी," बायनाबाई म्हणाली. "अठरा वर्सं तोंड उघडलं नाई. आता कसं उघडू, तेच समजत नव्हतं मले."

"मामाले फोन लावू?"

"फोनवर नाई होत हे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ती एकटीच निघाली. त्या दुपारी मला गोठ्यातून अंगणातला आवाज ऐकू आला आणि पालथा असूनही मी तो ओळखला.

"मुखरू. माहा गुंड घ्याले आली मी."

मुखरू बांबू चिरत बसला होता. कोयता थांबला. मग तो म्हणाला, "तूच तर पाठवला बाई. आता कायले पाह्यजे?"

"म्या नाई पाठवला. पोरीनं इचारलं, लागते का. म्या म्हटलं, नाई लागत." तिची पावलं जवळ आली. "खोटं बोलली रे मी. लागते मले. दर भाऊबीजेले भरून ठेवतो दाराशी. पूर होता हे बी मले माहीत होतं. तवाच माहीत होतं. पण बाबाचं तोंड नाई दिसलं, त्याचा राग कोणावर काढू? तूच होता समोर."

मुखरू गोठ्यात आला. त्यानं मला उलटून सरळ केलं, माझ्यावरचा कोंडा फुंकला आणि तसाच माझ्यावर डोकं टेकून उभा राहिला. हे कोणाला दिसलं नाही. मला दिसलं.

बाहेर येऊन तो म्हणाला, "घेऊन जा. पण घरच्या लेकीले रिकामं भांडं देत नाई कोणी." आणि घरात जाऊन त्यानं कणगीतला नवा तांदूळ माझ्यात ओतला, काठोकाठ, वर शीग लावून.

बायनाबाईनं मला उचलायला पाहिलं. तसूभर हललो नाही मी. पितळ जड, त्यात तांदूळ, आणि बाई पासष्टीची. "थोडे कमी कर ना रे," ती म्हणाली. "मले उचलत नाई."

"कमी कायले?" मुखरू म्हणाला. त्यानं चुंबळ डोक्यावर ठेवली, खाली वाकला आणि मला वर घेतलं. "चल. पोचवून देतो."

"कुठवर? बसपर्यंत?"

"तुह्या दारापर्यंत."

रस्त्यात तो तीनदा बसला. बायनाबाई दर वेळी "राहू दे रे" म्हणे, आणि तो दर वेळी उठे. बसमध्ये मी दोघांच्या मधे होतो. बाबांना शेवटी काय खावंसं वाटत होतं ते तिनं विचारलं. त्यानं सांगितलं, "अंबाडीची भाजी." मग दोघंही खिडकीतून बाहेर पाहत बसले.

मयुरी अजूनही दर बाजाराला तीन वस्तू काढते. काढावीच, घर माणसांसाठी असतं, मोडक्या छत्र्यांसाठी नाही. फक्त आता ती "लागते का" एवढंच विचारत नाही. वस्तू हातात देते आणि म्हणते, "आई, याची गोष्ट सांगा." मग दोघी अर्धा अर्धा तास बसतात. काही वस्तू तरीही जातात, पण गोष्ट सांगून झाल्यावर, हसतखेळत.

मित्रांनो, तुमच्याही घरात असा एखादा माझा भाऊबंद असेल. त्याला बाहेर काढायचं असेल तर खुशाल काढा, पण आधी तो कोणी दिला ते विचारा, आणि देणाऱ्याशी बोलणं राहिलं असेल तर आधी तिकडे जा. उशीर करू नका. मी पितळेचा आहे, आणखी पन्नास वर्षं पालथा पडून वाट पाहीन. मुखरूला मात्र त्या दिवशी बसमधून उतरताना दोघा प्रवाशांनी धरावं लागलं.